डकार रॅलीचे शेवटचे टप्पे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला की डकार या मोटरसायकली, गाड्या आणि ट्रकच्या वाळवंटी रॅलीबद्दलचे प्रश्न वाढतात. पहिल्या आठवड्यात फक्त निकाल पाहणाऱ्यांनाही आता कोण कुठे अडकलं आणि का, हे हवं असतं. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. दंड आणि बोनसचे आकडे दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून जिथे आकडा एखाद्या वर्षापुरता आहे तिथे ते वर्ष सांगितलं आहे.

रॅलीचं नाव डकार आणि रॅली सौदी अरेबियात, असं का?

थिएरी साबीन या फ्रेंच माणसाने सुरू केलेली पहिली रॅली २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून निघाली आणि सेनेगलची राजधानी डकारला संपली. मॉरिटानियातल्या सुरक्षेच्या धोक्यामुळे २००८ची रॅली ऐनवेळी रद्द झाली. त्यानंतर २००९ ते २०१९ ती दक्षिण अमेरिकेत झाली आणि २०२० पासून सौदीत आहे. नाव मात्र तेच राहिलं.

‘शेवटचे टप्पे’ नेमके कोणते धरायचे?

रॅली साधारण दोन आठवडे चालते आणि मध्ये एक विश्रांतीचा दिवस असतो. २०२५मध्ये प्रोलॉग (सुरुवातीची छोटी फेरी) आणि १२ टप्पे होते. २०२३मध्ये टप्पे १४ होते. विश्रांतीनंतरचा सगळा आठवडा उत्तरार्धात मोडतो, पण जाणकारांचं लक्ष असतं ते शेवटच्या तीन-चार दिवसांवर. तोवर गाडीने हजारो किलोमीटर कापलेले असतात, चालकाची झोप रोज पाच-सहा तासांच्या वर गेलेली नसते आणि पुढच्या दोघा-तिघांत कधी कधी मिनिटांचंच अंतर उरलेलं असतं.

एक गोष्ट आधी समजून घ्या. रोजच्या टप्प्याचे दोन भाग असतात. ‘स्पेशल’मध्ये घड्याळ चालू असतं. ‘लायझन’ म्हणजे स्पेशलच्या आधीचा आणि नंतरचा जोडरस्ता. तिथे शर्यत नसते, पण ठरलेल्या वेळेत पोचावं लागतं आणि रहदारीचे नियम पाळावे लागतात. उशिरा पोचलात तर दंड होतो. बातमीत ‘आज ६०० किलोमीटर’ असं वाचलं तर त्यातले स्पेशलचे किती, ते आधी बघा.

शेवटचा दिवस छोटा असतो. मग तो नुसता मिरवणुकीचाच ना?

पुष्कळदा तसाच असतो. आफ्रिकेतल्या काळात डकारजवळच्या लाक रोझ या गुलाबी तळ्याकाठी शेवटची छोटी स्पेशल व्हायची. किनाऱ्यावर सगळ्यांना एकत्र सोडायचे आणि लोक फोटो काढायला जमायचे. २०२५लाही शुबैताच्या वाळूत शेवटची स्पेशल फक्त ६१ किलोमीटरची होती.

पण पुढच्यांत अंतर कमी असेल तर हेच ६१ किंवा १०० किलोमीटर जिवावर येतात. २०१९मध्ये पेरूत लिमाकडे जाणारी शेवटची स्पेशल ११२ किलोमीटरची होती. मोटरसायकलींत टोबी प्राइस पुढे आणि पाब्लो क्विंतानिया जेमतेम मिनिटभर मागे. प्राइसचं मनगट रॅलीआधीच मोडलेलं होतं आणि नीट जुळलेलं नव्हतं. क्विंतानियाने अंतर भरून काढायला सुरुवातीपासूनच मोटरसायकल पिळली, एका टेकडीवरून पलीकडे उडाला, पाय दुखावून घेतला आणि दुसऱ्या क्रमांकावरून चौथ्यावर घसरला. हातातोंडाशी आलेला घास गेला.

२०२३चं उदाहरण याच्या उलटं आहे. १३ टप्प्यांनंतर प्राइस केव्हिन बेनाविदेसच्या १२ सेकंद पुढे होता. शेवटची स्पेशल १३६ किलोमीटरची, दम्मामकडची. ती संपली तेव्हा बेनाविदेस ४३ सेकंदांनी जिंकलेला होता. एकूण वेळ ४४ तासांच्या वर आणि फरक ४३ सेकंदांचा! एका चुकलेल्या वळणावर मागे फिरायलाही याहून जास्त वेळ लागतो.

टप्पा जिंकायची संधी असताना काही रायडर मुद्दाम मागे राहतात, असं का?

मोटरसायकलींत आज जो पहिला आला तो उद्या सर्वांत आधी सुटतो. म्हणजे त्याच्यापुढे एकही चाकोरी नसते. वाट शोधायचं काम त्याचं, आणि मागून येणारे त्याच्या चाकांच्या खुणा बघत निम्म्या डोकेदुखीत पुढे निघतात. वाळवंटात मागून येणारा पाच-दहा मिनिटं सहज खातो. म्हणून उपान्त्य दिवशी जिंकणं म्हणजे शेवटच्या दिवसाला खड्डा खणून ठेवणं, असा हिशेब बरीच वर्षं चालला. स्पेशल संपायच्या थोडं आधी थांबून दोन रायडर पुढे जाऊ देणं हाही त्यातलाच प्रकार.

यावर उपाय म्हणून २०२३ पासून वाट उघडणाऱ्यांना बोनस सुरू झाला. सर्वांत पुढे असलेल्याला दर किलोमीटरमागे १.५ सेकंद, दुसऱ्याला १ आणि तिसऱ्याला अर्धा सेकंद. ३०० किलोमीटर वाट उघडली तर ४५० सेकंद, म्हणजे साडेसात मिनिटं खात्यात जमा. त्यामुळे मुद्दाम मागे राहणं बरंच कमी झालं. आमच्या मते इतक्या वर्षांतला हा सर्वांत शहाणा बदल आहे. मात्र शेवटची स्पेशल छोटी असेल तर बोनसही छोटा पडतो. ६० किलोमीटरला दीड मिनिट. कितव्या क्रमांकावर सुटायचं, हा प्रश्न अशा वेळी पुन्हा उभा राहतो. आयोजकांनी शेवटच्या दिवशी उलटा क्रम लावला किंवा सगळ्यांना एकत्र सोडलं, तर आदल्या दिवशीचे सगळे डावपेच मोडीत निघतात.

जीपीएस असताना लोक वाट कसे चुकतात?

कारण नकाशावरची रेषा त्यांना दिसतच नाही. त्यांच्याकडे असतं ते रोडबुक. मोटरसायकलवर पूर्वी हे कागदाच्या गुंडाळीचं असायचं. रायडर आदल्या रात्री रंगीत मार्करने खुणा करत बसायचे. आता ते पडद्यावर असतं आणि सुटायच्या थोडं आधीच हाती येतं. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी असतात : इथवरचं अंतर, वळणाचं चित्र आणि सूचना. ‘कॅप १२५’ म्हणजे होकायंत्राच्या १२५ अंशांवर, साधारण आग्नेयेकडे जा. एक उद्गारचिन्ह म्हणजे सावध, तीन म्हणजे इथे गाडीसकट जीव जाऊ शकतो.

वेपॉइंट ही अदृश्य फाटकं असतात. नेहमीच्या झाकलेल्या वेपॉइंटच्या ८०० मीटरच्या आत गेल्यावरच दिशेचा बाण दिसू लागतो. आता हिशेब करा. १० किलोमीटर सरळ कॅप धरून जायचं आहे आणि तुम्ही ५ अंश चुकलात. शेवटी तुम्ही बिंदूपासून सुमारे ८७० मीटर लांब असता. बाण उघडतच नाही. मग गोल गोल घिरट्या सुरू होतात आणि पाच मिनिटांत आठवडाभराची कमाई जाते. वेपॉइंट सोडून पुढे जावं तर दंड त्याहून मोठा बसतो.

शेवटच्या दिवसांत चूक बहुधा अशी होते : थकलेला रायडर नोंद वाचतो, पडदा एक नोंद जास्त सरकवतो आणि पुढच्या वळणाची सूचना आत्ताच्या वळणावर लावतो. अशा वेळी शहाणा माणूस लगेच शेवटच्या खात्रीच्या जागेकडे परत जातो. अंदाजाने आडवं कापत जाणारा आणखी रुततो. ‘अति घाई, संकटात नेई’ ही आपल्या घाटातली पाटी इथे तंतोतंत लागू पडते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे आपली खूण न वाचता पुढच्याची चाकोरी धरणं. पुढचाही चुकलेला असू शकतो, आणि मग सात-आठ जण एकाच दरीत फिरताना दिसतात.

गाडीत हे काम शेजारी बसलेल्या वाटाड्याचं असतं. मोटरसायकलवाल्याला ते ताशी १०० किलोमीटरने दगड चुकवत स्वतःच करावं लागतं.

वाळूच्या टेकड्या शेवटी ठेवल्या की इतका गोंधळ का होतो?

२०२३मध्ये ११वा आणि १२वा टप्पा रुब अल-खाली या सौदीतल्या वाळवंटात होता, तोही मॅरेथॉन स्वरूपात, म्हणजे रात्री मेकॅनिकची मदत नाही. २०२५चा शेवटही त्याच बाजूला झाला.

टेकडीची एक बाजू वाऱ्याकडची, घट्ट आणि उताराला सौम्य. दुसरी आडोशाची, भुसभुशीत आणि तीसहून जास्त अंशांनी तुटलेली. माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडे काय आहे ते दिसत नाही. सकाळी नऊला सूर्य तिरपा असतो, सावल्या पडतात आणि कडा कळते. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर आला की सगळी वाळू एकाच रंगाची होते आणि दोन मीटरचा खड्डाही सपाट दिसतो. वाळू तापली की जास्त बसते, ते वेगळंच. मोठ्या टीम सकाळी लवकर सुटतात आणि मागचे हौशी लोक भर दुपारी त्याच टेकड्यांत येतात. त्यांचे हाल वेगळे सांगायला नकोत.

गाडी वाळूत रुतली तर ते नेमकं काय करतात?

सर्वांत आधी अॅक्सिलरेटरवरचा पाय काढतात. कोकणातल्या किनाऱ्यावर रुतलेली गाडी ज्याने पाहिली आहे त्याला माहीत असेल : चाक जितकं फिरवाल तितकं खाली जातं आणि शेवटी गाडी पोटावर बसते. पोटावर बसली की चाकांवर भारच राहत नाही.

मग खाली उतरून चाकांतली हवा कमी करायची. दगडी वाटेवर साधारण ३० पीएसआयच्या आसपास ठेवलेली हवा वाळूत १५-१६ पर्यंत उतरवतात. त्यामुळे टायर पसरतो आणि लांबट ठसा उमटवतो. त्यानंतर फावड्याने चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू काढायची. आळशी माणूस फक्त चाकांपुढची काढतो आणि पुन्हा रुततो. मग चाकांखाली सँड प्लेट, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या पट्ट्या, घालायच्या. तोंड उताराकडे, नाहीतर आलो त्याच चाकोरीतून मागे. एकदा गाडी हलली की घट्ट जमीन लागेपर्यंत थांबायचं नाही. वाटाडा प्लेट उचलून मागून धावत येतो. शेवटचं आणि हमखास विसरलं जाणारं काम : दगडी भाग सुरू व्हायच्या आधी हवा परत भरणं. १५ पीएसआयवर दगडात शिरलात तर टायर रिमच्या कडेला चिमटला जाऊन लगेच फाटतो.

वाळूपेक्षा दगड वाईट, असं टीम का म्हणतात?

वाळू वेळ खाते, दगड गाडी खातात. आजच्या वरच्या गटातल्या गाड्यांना ३७ इंची टायर आणि ३५० मिलिमीटरचा सस्पेन्शन ट्रॅव्हल (चाक वर-खाली हलायला मिळणारी जागा) असतो, वजन किमान सुमारे २,००० किलो. त्या दगडावरून जाऊ शकतात, म्हणूनच चालक जोरात जातात. स्पेअर चाकं सहसा दोन. गाडीतच हायड्रॉलिक जॅक असतो, बटण दाबलं की गाडी उचलली जाते आणि सरावलेली जोडी दोन-अडीच मिनिटांत चाक बदलते. दोन पंक्चर झाल्यावर मात्र उरलेले २०० किलोमीटर अंड्यांवरून चालल्यासारखे जावे लागतात. तिसरं झालं तर मागून येणाऱ्या सहकाऱ्याची वाट बघणं एवढंच हाती राहतं.

२०२४चा ११वा टप्पा आठवा. यान्बूकडे जाणारा, दगडांनी भरलेला, शेवटून दुसरा. गाड्यांच्या गटात सेबास्तियाँ लोब आघाडीवरच्या कार्लोस साइन्झला गाठायला निघाला होता आणि दगडावर सस्पेन्शनचा आर्म मोडला. तासाभराहून जास्त वेळ गेला. १२वा टप्पा साइन्झने सांभाळून पार केला आणि ६१व्या वर्षी रॅली जिंकली. लोब तिसरा.

मोटरसायकलला पंक्चर होतं का?

नेहमीच्या अर्थाने नाही, कारण आत ट्यूबच नसते. टायरमध्ये ‘मूस’ म्हणजे घट्ट फोमचं कडं बसवतात. त्याचा शत्रू म्हणजे उष्णता. लांब, सरळ, वेगाच्या वाटेवर मूस तापतो, आतून चुरा होतो आणि मागचं चाक डगमगायला लागतं. म्हणून आत जेलचं वंगण भरपूर लावतात आणि परवडत असेल तर रोज नवा मूस घालतात.

नियमांनी यात आणखी पेच टाकला. २०२१मध्ये अव्वल गटाला अख्ख्या रॅलीसाठी मागचे सहाच टायर दिले होते. त्याच वर्षी मॅरेथॉन टप्प्याच्या रात्री प्राइसच्या मागच्या टायरला मोठी चीर पडलेली निघाली. बदलायला टायर नाही, मेकॅनिक नाही. त्याने चिरेवर चिकटपट्टीचे वेढे दिले, वरून प्लास्टिकचे केबल टाय रिमभोवती आवळले आणि दुसऱ्या दिवशी तशीच मोटरसायकल पळवून दुसरा आला. अशा बांधणीत टायची गाठ रिमच्या बाजूला ठेवतात, जमिनीच्या बाजूला आली तर पहिल्या दगडाला तुटते. पुढच्याच दिवशी तो पडला आणि गळपट्टीचं हाड मोडून रॅलीबाहेर गेला. पण त्या टायरचा फोटो लोकांच्या अजून लक्षात आहे.

रात्री मेकॅनिक काय काय बदलतात?

मोटरसायकलवर : एअर फिल्टर आणि ऑइल रोज. चेन, स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, चाकांचे बेअरिंग बघून. वाळूचे दिवस झाले की क्लच प्लेट. फेश-फेश म्हणजे टाल्कम पावडरसारखी धूळ लागली असेल तर फिल्टरच्या डब्याच्या कडेला ग्रीस लावतात, म्हणजे फटीतून धूळ आत जात नाही. गाडीत ड्राइव्हशाफ्ट, सस्पेन्शनचे आर्म, शॉकअप आणि बॉल जॉइंट, हे सगळं मोडायची वाट न बघता ठरलेल्या किलोमीटरनंतर काढतात.

पण शेवटच्या दोन रात्रींचा नियम उलटा असतो. चालत असलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही. नवा भाग म्हणजे नवी शंका. पहाटे तीनला, दहा रात्री न झोपलेल्या हाताने आवळलेला बोल्ट ही उत्तरार्धातल्या बिघाडांची मोठी खाण आहे. म्हणून चांगल्या टीममध्ये एक जण आवळतो आणि दुसरा टॉर्क, म्हणजे आवळणीचा जोर, तपासून रंगाची रेघ ओढतो.

इंजिनच बदललं तर?

मोटरसायकलींत पुढच्या गटाला वेळेचा दंड बसतो. २०१५मध्ये बोलिव्हियातल्या उयुनीच्या पाणी साचलेल्या मिठागरावरून रायडर गेले. मीठ रेडिएटरमध्ये, वायरिंगमध्ये, सगळीकडे शिरलं. आघाडीवरच्या जोआन बारेदाची होंडा बंद पडली, सहकाऱ्याने दोरीने ओढून आणली आणि तीन तासांहून जास्त वेळ गेला. पुढे पाउलो गोन्साल्विसला इंजिन बदलून दंड घ्यावा लागला. मार्क कोमा १६ मिनिटं ५३ सेकंदांनी जिंकला.

स्पेशलमध्ये बाहेरची मदत चालते का?

बाहेरची नाही, स्पर्धकांची चालते. ओढून नेणं, आपलं चाक देणं, सुटा भाग काढून देणं, सगळं चालतं. म्हणून मोठ्या टीम ट्रकच्या गटात स्वतःचा ट्रक उतरवतात. त्याचं खरं काम जिंकणं नसून सुटे भाग घेऊन मागून येणं हे असतं. उत्तरार्धात टीमचा दुसरा चालकही मागे ठेवलेला असतो, आघाडीवाल्याचं चालतं-फिरतं स्पेअर म्हणून.

निकाल रात्री बदलतो तो कशामुळे?

बहुधा वेगमर्यादेच्या पट्ट्यांमुळे. गावाजवळ ताशी ३०, ५० किंवा ९० किलोमीटर अशी मर्यादा ठरलेली असते आणि यंत्रात प्रत्येक सेकंद नोंदला जातो. वेपॉइंट हुकणं हे दुसरं कारण.

इतिहासातला सर्वांत गाजलेला दंड २००१चा. शेवटून दुसऱ्या टप्प्यावर हिरोशी मासुओका आघाडीवर होता. जाँ-लुई श्लेसर आणि त्याचा सहकारी आपल्या वेळेआधीच त्याच्यापुढे सुटले. त्यांना गाठताना मासुओका वाटेबाहेर गेला आणि मागचं चाक-सस्पेन्शन मोडून बसला. श्लेसरला एक तासाचा दंड झाला. दोघांच्या भांडणात युट्टा क्लाइनश्मिट २ मिनिटं ३९ सेकंदांनी जिंकली. गाडीच्या गटात जिंकलेली ती पहिली स्त्री.

१९८८ची गोष्ट तर कुणी सांगितली तरी खरी वाटत नाही. आघाडीवरच्या आरी वाटानेनची प्यूजो बामाकोतून चोरीला गेली. सापडली, पण सुटायची वेळ टळली होती. त्याला बाद केलं.

जखमी रायडरसाठी थांबलं तर वेळ जातो का?

नाही. थांबलेला वेळ नंतर परत दिला जातो, आणि शेवटच्या दिवशीही पुढचे रायडर थांबतात. प्रत्येक वाहनावर ठावठिकाणा कळवणारं आणि मदत मागायचं बटण असलेलं यंत्र असतं, आणि मोटरसायकलवाल्यांना २०२१ पासून एअरबॅगचं जाकीट सक्तीचं आहे.

मधेच बाद झालेला माणूस शेवटच्या दिवशी पोडियमवर कसा?

‘डकार एक्सपिरियन्स’ या सोयीमुळे. टप्पा पूर्ण न करता आलेला स्पर्धक परवानगी घेऊन पुढे चालू ठेवू शकतो, मात्र मुख्य क्रमवारीत त्याचं नाव येत नाही. खऱ्या फिनिशरची यादी वेगळी असते, ती बघूनच अभिनंदन करा.

भारतातलं, महाराष्ट्रातलं कोण?

सी. एस. संतोष २०१५मध्ये डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, ३६वा आला. केरळचा हॅरिथ नोआ २०२४मध्ये एकूण ११वा आणि अव्वल गटाखालच्या रॅली-२ गटात पहिला. त्याच वर्षी बोत्स्वानाचा रॉस ब्रांच हीरोच्या मोटरसायकलवर एकूण दुसरा आला. पुण्याचे संजय टकले २०२५मध्ये लँड क्रूझर घेऊन डकार क्लासिकमध्ये उतरले. जुन्या गाड्यांच्या या गटात सर्वांत वेगवान कोण हे बघत नाहीत. ठरवून दिलेला सरासरी वेग जो काटेकोर राखेल तो वर.

भारतातून शेवटचे टप्पे कसे बघावेत?

सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथले सकाळचे सात म्हणजे आपले साडेनऊ. मोटरसायकली आधी सुटतात, गाड्या नंतर, म्हणून गाड्यांचं चित्र आपल्याकडे दुपारनंतर स्पष्ट होतं. थेट आकडे बघताना एक पथ्य पाळा : दोघांची तुलना एकाच चेकपॉइंटवर करा. मागून सुटलेला तिथे पोचायचाच असेल तर पुढच्याची ‘आघाडी’ फसवी असते. मोटरसायकलींत बोनसचे सेकंद मिळवले आहेत की नाही तेही बघा. आणि दंडांसह अधिकृत यादी लागेपर्यंत, म्हणजे आपल्याकडे रात्र होईपर्यंत, मित्रांशी पैज लावली असेल तर पैसे देऊ नका.